संचालक मंडळाची रचना आणि कंपनीची वित्तीय कामगिरी : भारतीय अनुभवाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली कृत्रिम व्यक्ती आहे. तिला नाव असते, मालमत्ता असते, ती करार करू शकते, न्यायालयात दावाही लावू शकते. परंतु तिला स्वतःचे मन नसते. तिच्या वतीने विचार करण्याचे व निर्णय घेण्याचे कार्य संचालक मंडळ पार पाडते. भागधारक हे कंपनीचे मालक म्हणविले जात असले तरी ते हजारोंच्या, कधी लाखोंच्या संख्येने देशभर विखुरलेले असतात. वार्षिक सर्वसाधारण सभेचा अपवाद वगळता कंपनीच्या कारभाराशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध येत नाही. मालकी एकाची आणि नियंत्रण दुसऱ्याचे, या विसंगतीकडे अ‍ॅडॉल्फ बर्ली आणि गार्डिनर मीन्स यांनी १९३२ मध्ये लक्ष वेधले. या विसंगतीवरील उपाय म्हणून संचालक मंडळाकडे पाहण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

यातूनच एक प्रश्न उपस्थित होतो. मंडळावर कोण बसते, किती जण बसतात, त्यांतील किती जण बाहेरचे असतात, स्त्रिया किती असतात, यावर कंपनीची वित्तीय कामगिरी अवलंबून असते काय? सामान्य बुद्धीचे उत्तर होकारार्थी आहे. गेल्या पंचवीस वर्षांतील भारतीय कंपनी कायद्यातील बहुतेक सुधारणाही तेच गृहीत धरून झालेल्या दिसतात. संशोधनाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही.

हा प्रश्न केवळ वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमापुरता मर्यादित राहिलेला नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून शासकीय सेवेत दाखल झालेल्यांना परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू झाली व पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत समाविष्ट झाली. त्या निधीचा काही भाग शेअर बाजारात गुंतविला जातो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीनेही २०१५ पासून आपल्या नव्या ठेवींचा एक हिस्सा बाजाराकडे वळविला. ज्यांनी आयुष्यात कधी एकही शेअर खरेदी केला नाही, असे शिक्षक व कर्मचारीही अशा रीतीने नकळत भागधारक झाले आहेत. मुंबईतील एखाद्या बहुमजली इमारतीत भरणाऱ्या मंडळाच्या सभेशी त्यांच्या म्हातारपणाचा संबंध जोडला गेला आहे.

मंडळाच्या रचनेचे घटक

संचालकांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. कंपनीत पूर्ण वेळ काम करणारे ते कार्यकारी संचालक. कंपनीच्या दैनंदिन कामात नसलेले, परंतु प्रवर्तकांशी, कर्ज देणाऱ्या संस्थांशी किंवा अन्य हितसंबंधांनी जोडलेले ते अकार्यकारी संचालक. आणि ज्यांचा कंपनीशी, प्रवर्तकांशी वा व्यवस्थापनाशी आर्थिक हितसंबंध नाही ते स्वतंत्र संचालक. रचना म्हणजे या तिघांचे परस्पर प्रमाण, मंडळाचा आकार, अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ही पदे एकाच व्यक्तीकडे आहेत की वेगवेगळ्या, सदस्यांचे शिक्षण व अनुभव, आणि एकाच व्यक्तीने किती मंडळांवर काम करावे, या सर्वांचा एकत्रित विचार होय.

वित्तीय कामगिरी मोजण्याच्याही दोन रीती आहेत. हिशेबाच्या वह्यांवरून मालमत्तेवरील परतावा वा भागभांडवलावरील परतावा काढता येतो. दुसरी रीत बाजाराच्या मूल्यांकनाची आहे. तीत ‘टोबिनचा क्यू’ हे गुणोत्तर, म्हणजे कंपनीचे बाजारमूल्य आणि तिच्या मालमत्तेची पुनर्स्थापना-किंमत यांचे प्रमाण, सर्वाधिक वापरले जाते. पहिली रीत मागे पाहते, दुसरी पुढे. एकाच कंपनीविषयी दोन्ही रीतींचे उत्तर वेगळे येऊ शकते, ही बाब अनेक प्रबंधांत दुर्लक्षित राहते.

भारतीय कायद्याची वाटचाल

ब्रिटिश काळापासून भारतीय कंपन्यांचा कारभार प्रामुख्याने मॅनेजिंग एजन्सी पद्धतीने चाले. संचालक मंडळ नावापुरते असे. खरी सत्ता करारान्वये मॅनेजिंग एजंट म्हणून नेमलेल्या पेढीकडे असे. ही पद्धत १९७० मध्ये संपुष्टात आली. त्यानंतरच्या दोन दशकांत आयडीबीआय, आयुर्विमा महामंडळ, युनिट ट्रस्ट यांसारख्या वित्तीय संस्थांचे नामनिर्देशित संचालक मंडळांवर बसू लागले. त्यांनी क्वचितच प्रवर्तकांना विरोध केला, अशी टीका त्या काळी वारंवार झाली.

उदारीकरणानंतर चित्र बदलले. इंग्लंडमधील कॅडबरी समितीचा १९९२ चा अहवाल जगभर चर्चिला गेला. भारतीय उद्योग महासंघाने १९९८ मध्ये ऐच्छिक संहिता प्रसिद्ध केली. १९९९ मध्ये सेबीने कुमारमंगलम बिर्ला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून २००० साली शेअर बाजाराच्या सूचीकरण करारात प्रसिद्ध ‘कलम ४९’ आले. त्याचे सुधारित रूप १ जानेवारी २००६ पासून अमलात आले. पुढे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९ ने स्वतंत्र संचालकांना प्रथमच कायद्याच्या मुख्य मजकुरात स्थान दिले. सूचीबद्ध सार्वजनिक कंपनीत किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र असावेत, एका व्यक्तीला सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती मिळाव्यात, त्यानंतर तीन वर्षांचा खंड असावा, अशी ही तरतूद आहे. सेबीच्या २०१५ च्या सूचीकरण विनियमांनी त्यापुढे पाऊल टाकले. अध्यक्ष अकार्यकारी असेल तर एकतृतीयांश, आणि तो कार्यकारी किंवा प्रवर्तकांशी संबंधित असेल तर निम्मे संचालक स्वतंत्र असणे बंधनकारक झाले. उदय कोटक समितीच्या ऑक्टोबर २०१७ च्या अहवालानंतर मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांत किमान सहा संचालक आणि किमान एक स्वतंत्र महिला संचालक असण्याचे बंधन आले. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ही पदे विभक्त करण्याची तरतूद मात्र आधी लांबणीवर पडली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ऐच्छिक ठरली. ज्या तरतुदीने प्रवर्तक कुटुंबांच्या प्रत्यक्ष सत्तेला हात घातला असता, तीच नेमकी सैल झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सैद्धांतिक भूमिका

मंडळाच्या रचनेचा विचार तीन सिद्धांतांच्या आधारे केला जातो. मायकेल जेन्सन व विल्यम मेकलिंग यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या अभिकर्ता सिद्धांतानुसार व्यवस्थापक हे मालकांचे प्रतिनिधी असले तरी त्यांचे हित वेगळे असते; म्हणून त्यांच्यावर देखरेख हवी आणि ती बाहेरच्या व्यक्तीच करू शकतात. जेफ्री फेफर व जेराल्ड सॅलन्सिक यांच्या १९७८ च्या मांडणीनुसार संचालक हे देखरेख करणारे तर असतातच, शिवाय ते कंपनीला बाह्य जगाशी जोडणारा दुवाही असतात. ते ज्ञान, प्रतिष्ठा, कर्ज व ओळखी घेऊन येतात. तिसरा, विश्वस्त-वृत्तीचा सिद्धांत सांगतो की व्यवस्थापक मुळात प्रामाणिक असतात, त्यांच्यावर अविश्वास दाखविणे कंपनीच्याच हिताला बाधक ठरते. पहिला सिद्धांत स्वतंत्र संचालक वाढवा म्हणतो, तिसरा आतल्या माणसांवर भरवसा ठेवा म्हणतो. वरवर पाहता दोहोंपैकी एकच खरा असला पाहिजे. प्रत्यक्षात एकाच कंपनीत वेगवेगळ्या वेळी दोन्ही खरे ठरलेले आढळतात.

आकडे काय सांगतात

अमेरिकेतील अभ्यासांपासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. डेव्हिड यरमॅक यांनी १९८४ ते १९९१ या काळातील ४५२ मोठ्या औद्योगिक कंपन्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. मंडळ जसे मोठे होते तसे टोबिनचे क्यू गुणोत्तर घटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोठ्या मंडळात प्रत्येकाला वाटते की प्रश्न दुसरा कोणी विचारील. बारा भावांची शेती जशी पडीक राहते, तसाच हा प्रकार होय. परंतु २००८ मध्ये जेफ्री कोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अनेक व्यवसायांत पसरलेल्या, गुंतागुंतीच्या कंपन्यांना मोठ्या मंडळाचा लाभच होतो. म्हणजे ‘योग्य आकार’ असा काही सर्वत्र लागू पडणारा आकडा नाही.

स्वातंत्र्याच्या बाबतीत निष्कर्ष अधिक निराशाजनक आहेत. संजय भगत आणि बर्नार्ड ब्लॅक यांनी नऊशेहून अधिक मोठ्या अमेरिकन कंपन्यांची दीर्घकालीन माहिती तपासून २००२ मध्ये सांगितले की, ज्या कंपन्यांची कामगिरी खालावते त्या आपल्या मंडळावर स्वतंत्र संचालक वाढवितात. परंतु तसे केल्याने त्यांची कामगिरी सुधारत असल्याचा पुरावा मिळत नाही. याउलट मायकेल वाइसबाक यांनी १९८८ मध्येच दाखविले होते की बाहेरच्या संचालकांचे वर्चस्व असलेले मंडळ कामगिरी खालावल्यास मुख्य अधिकाऱ्याला पदावरून दूर करण्यास अधिक तयार असते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले असता असे दिसते की स्वतंत्र मंडळ काही विशिष्ट निर्णय वेगळे घेते, पण नफ्याच्या सरासरी आकड्यात तो फरक उमटेलच असे नाही.

भारताविषयीचे काम तुलनेने कमी असले तरी मोलाचे आहे. ब्लॅक व विक्रमादित्य खन्ना यांनी मे १९९९ मध्ये सेबीने सुधारणांची घोषणा केली त्या दिवसांतील शेअरच्या किमती तपासल्या. ज्या मोठ्या कंपन्यांना नियम आधी लागू होणार होते त्यांचे भाव छोट्या कंपन्यांच्या तुलनेत दोन दिवसांत सुमारे ४ टक्क्यांनी आणि पाच दिवसांत सुमारे ७ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. धम्मिका धर्मपाल व खन्ना यांचा २०१३ चा अभ्यास आणखी बोलका आहे. कलम ४९ चे खरे मूल्य २००४ मध्ये त्याच्या उल्लंघनाला २५ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाल्यानंतरच बाजाराने ओळखले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नियमामागे दंड असल्याखेरीज नियमाला किंमत येत नाही, असा याचा साधा अर्थ.

मात्र बालसुब्रमण्यन, ब्लॅक व खन्ना यांनी २००६ च्या सर्वेक्षणावरून केलेल्या अभ्यासात वेगळेच दिसले. सुशासनाच्या एकूण निर्देशांकाचा बाजारमूल्याशी संबंध आढळला, भागधारकांच्या हक्कांचा उपनिर्देशांकही महत्त्वाचा ठरला. मंडळाच्या रचनेचा उपनिर्देशांक मात्र ठरला नाही. कायद्यानेच सर्वांना एका किमान पातळीवर आणल्यामुळे त्याहून अधिक केल्याने लाभ दिसत नसावा, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचविले.

मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील जयती सरकार व सुब्रत सरकार यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अनेक मंडळांवर बसणाऱ्या संचालकांविषयी आहे. पाश्चात्त्य वाङ्मयात अशा ‘व्यग्र’ संचालकांना दोष दिला जातो. पाचशे मोठ्या भारतीय कंपन्यांच्या माहितीवरून सरकार द्वयीला आढळले की स्वतंत्र संचालक अनेक मंडळांवर असतील तर कंपनीचे मूल्य वाढलेले दिसते, पण कार्यकारी वा आतले संचालक अनेक मंडळांवर असतील तर ते घटते. कसलेल्या माणसांची टंचाई असलेल्या देशात अनुभवी स्वतंत्र संचालकाला मागणी असणे हे त्याच्या गुणवत्तेचे लक्षण असते; याउलट आतला माणूस अनेक ठिकाणी गुंतला की त्याचे घरच्या कामाकडे दुर्लक्ष होते. परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे उचलून येथे लावू नयेत, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कार्यकारणभावाचा पेच

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत सादर होणाऱ्या अनेक शोधनिबंधांची पद्धत ठरलेली असते. मुंबईस्थित सीएमआयई संस्थेच्या ‘प्रोवेस’ माहितीसंग्रहातून शंभर-दोनशे कंपन्या निवडावयाच्या, एका बाजूला स्वतंत्र संचालकांची टक्केवारी व दुसऱ्या बाजूला मालमत्तेवरील परतावा ठेवून समाश्रयण करावयाचे, आणि गुणक धन आला तर ‘स्वतंत्र संचालकांमुळे कामगिरी सुधारते’ असा निष्कर्ष काढावयाचा. या पद्धतीतील दोष तांत्रिक नाही, तर तर्काचा आहे.

ज्या घरी डॉक्टरांची ये-जा जास्त त्या घरी आजारपणही जास्त आढळते. म्हणून डॉक्टरांमुळे आजार होतो असे कोणी म्हणत नाही. अडचणीत आलेली कंपनी गुंतवणूकदारांचा विश्वास परत मिळविण्यासाठी नामवंत व्यक्तींना मंडळावर बोलावते, तेव्हा गुणक ऋण येतो. उलट, भरभराटीच्या कंपनीच्या मंडळावर जाण्यास प्रतिष्ठित मंडळी उत्सुक असतात, तेव्हा तो धन येतो. दोन्ही प्रवाह एकाच नमुन्यात मिसळले की गुणक शून्याजवळ येऊन थांबतो. बेंजामिन हर्मालिन व वाइसबाक यांनी यापुढे जाऊन मांडले की मंडळाची रचना ही मुख्य अधिकारी व मंडळ यांच्यातील घासाघिशीचे फळ असते. ज्याने चांगले यश दाखविले तो आपल्या मर्जीतील मंडळ मिळवितो. म्हणजे कामगिरी हे कारण आणि रचना हा परिणाम, अशीही दिशा असू शकते.

यातून वाट काढण्यासाठी संशोधकांनी असे प्रसंग शोधले की जेथे मंडळातील बदल कंपनीच्या इच्छेने झालेला नाही. बांग डांग न्गुयेन व कॅस्पर नील्सन यांनी २०१० मध्ये स्वतंत्र संचालकांच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. अशा बातमीनंतर शेअरची किंमत सरासरी ०.८५ टक्क्यांनी घसरल्याचे त्यांना आढळले. मृत्यूची वेळ कोणी निवडत नाही, म्हणून हा पुरावा वजनदार मानला जातो. त्याच वर्षी रॅन डुचिन, जॉन मात्सुसाका आणि ओगुझान ओझबास यांनी अमेरिकेतील २००२ च्या सार्बान्स-ऑक्स्ली कायद्यानंतर ज्या कंपन्यांना सक्तीने बाहेरचे संचालक घ्यावे लागले त्यांची तपासणी केली. सरासरी परिणाम जवळपास शून्य होता. पण जेथे कंपनीची माहिती बाहेरच्या माणसाला सहज समजण्यासारखी होती तेथे कामगिरी सुधारली, आणि जेथे माहिती मिळविणे अवघड होते तेथे ती खालावली. या विषयावरील सर्व वाङ्मयात बहुधा हाच निष्कर्ष सर्वांत उपयुक्त आहे. बाहेरचा माणूस किती स्वतंत्र आहे याहून त्याला किती कळू शकते हा प्रश्न मोठा ठरतो.

सत्यम प्रकरण आणि मोजमापाचा प्रश्न

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या हैदराबादच्या कंपनीचे उदाहरण येथे टाळता येणार नाही. २००८ च्या अखेरीस तिच्या नऊ जणांच्या मंडळात पाच स्वतंत्र संचालक होते. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता, आयआयटी दिल्लीचे माजी संचालक, केंद्राचे माजी मंत्रिमंडळ सचिव, पेंटियम चिपच्या विकासाशी नाव जोडले गेलेले अभियंते अशी ती मंडळी होती. त्याच वर्षी कंपनीला सुशासनासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता. कोणत्याही मोजपट्टीने मंडळाची रचना आदर्श ठरली असती.

१६ डिसेंबर २००८ रोजी या मंडळाने प्रवर्तक राजू कुटुंबाशी संबंधित मेटास प्रॉपर्टीज व मेटास इन्फ्रा या कंपन्यांत सुमारे १६० कोटी डॉलर गुंतविण्याचा प्रस्ताव मंजूर केला. सॉफ्टवेअर कंपनीने जमीन-बांधकामाच्या व्यवसायात, तेही प्रवर्तकांच्या मुलांच्या कंपन्यांत, पैसा का घालावा, हा प्रश्न मंडळात नव्हे तर गुंतवणूकदारांनी विचारला. अमेरिकेतील बाजारात शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला आणि काही तासांतच प्रस्ताव मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राद्वारे कबुली दिली. ताळेबंदातील रोख व बँक शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगविलेली होती. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत २४ टक्के दाखविलेला कार्यचालन नफा प्रत्यक्षात ३ टक्के होता.

या कबुलीचा संशोधनाच्या दृष्टीने एक अर्थ आहे, ज्याची चर्चा कमी होते. समजा, एखाद्या अभ्यासकाने २००८ मध्ये भारतीय कंपन्यांचा नमुना घेऊन समाश्रयण केले असते. त्यात सत्यम हा बिंदू ‘उत्तम मंडळ, उत्तम नफा’ असा नोंदला गेला असता आणि स्वतंत्र संचालकांच्या बाजूचा पुरावा ठरला असता. वस्तुतः तो नफाच खोटा होता, आणि तो खोटा आहे हे न ओळखणे हेच मंडळाचे अपयश होते. जी कामगिरी मोजून मंडळाचे मूल्यमापन करावयाचे ती मोजण्याची जबाबदारी शेवटी त्याच मंडळाच्या लेखापरीक्षण समितीवर असते. तागडी आणि माल एकाच्याच हाती असावा तसा हा प्रकार आहे. दक्ष मंडळ फुगविलेला नफा खाली आणील, ढिले मंडळ तो तसाच राहू देईल. मग हिशेबी परताव्यावरून पाहता ढिले मंडळच सरस दिसेल. मंडळाच्या यशाचे खरे माप नफ्याच्या पातळीइतकेच त्या नफ्याच्या विश्वासार्हतेत शोधावे लागते.

एन्रॉनची कथाही निराळी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेली ही कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या मंडळात बाहेरच्यांचे बहुमत होते आणि लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष लेखाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. विद्वत्ता हा देखरेखीला पर्याय ठरत नाही, हे प्राध्यापक वर्गाने तरी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सत्यमची पुढील हकिगत मात्र मंडळांच्या बाजूने बोलते. केंद्र सरकारने जुने मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन व त्यानंतर आणखी काही व्यक्तींना नेमले. त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत पगार, कर्ज व ग्राहक सांभाळून कंपनीची पारदर्शक विक्री केली. एप्रिल २००९ मध्ये पुण्यातील टेक महिंद्रने ती घेतली आणि २०१३ मध्ये ती तिच्यात विलीन झाली. याही मंडळात बाहेरचेच लोक होते. फरक इतकाच की त्यांची नेमणूक प्रवर्तकांच्या मर्जीने झाली नव्हती व ती मर्जी राखण्याचे त्यांना कारण नव्हते.

नियुक्ती कोणाच्या हाती

अमेरिकेत मालकी विखुरलेली असते, म्हणून तेथील संघर्ष व्यवस्थापक विरुद्ध भागधारक असा आहे. भारतात बहुतांश सूचीबद्ध कंपन्यांवर कुटुंबाचे वा सरकारचे नियंत्रण आहे. येथील संघर्ष बहुसंख्य भागधारक विरुद्ध अल्पसंख्य भागधारक असा होतो. ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे त्याच्याच मतांनी स्वतंत्र संचालक निवडला जातो, ही या व्यवस्थेतील मूलभूत त्रुटी होय.

२०१६ च्या अखेरीस टाटा समूहात अध्यक्षपदावरून उद्भवलेल्या वादात नस्ली वाडिया यांना टाटा स्टील, टाटा मोटर्स व टाटा केमिकल्स या तीन कंपन्यांच्या स्वतंत्र संचालक पदावरून भागधारकांच्या सभेत दूर करण्यात आले. ठराव प्रवर्तक टाटा सन्सच्या मागणीवरून आला होता. त्या वादात कोणाची बाजू योग्य होती हा प्रश्न वेगळा आहे. प्रवर्तकांशी मतभेद झाल्यास स्वतंत्र संचालकाचे पद किती काळ टिकते, एवढाच मुद्दा येथे प्रस्तुत आहे.

सेबीने १ जानेवारी २०२२ पासून स्वतंत्र संचालकाच्या नियुक्तीसाठी विशेष ठराव आवश्यक केला. अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या किमान तिप्पट हवीत, असा त्याचा अर्थ. सुधारणा स्वागतार्ह असली तरी तिचे गणित पाहणे उद्बोधक ठरेल. प्रवर्तकांकडे ६० टक्के भाग आहेत आणि उर्वरित ४० टक्क्यांपैकी निम्म्यांनीच मतदान केले, असे समजू. त्या सर्व २० टक्क्यांनी विरोध केला तरी ६० विरुद्ध २० या मतांनी ठराव संमत होतो. छोट्या भागधारकाची उदासीनता ही अशी प्रवर्तकांच्या पदरात पडते.

सरकारी कंपन्यांत तर नियुक्ती मंत्रालयाकडून होते व ती अनेकदा रखडते. आवश्यक संख्येने स्वतंत्र संचालक नसल्याबद्दल मोठमोठ्या सार्वजनिक उपक्रमांना शेअर बाजारांनी दंड ठोठावले आहेत. दंड सार्वजनिक पैशातून, चूक नेमणाऱ्याची.

महिला संचालक

कायद्याने सूचीबद्ध व ठरावीक आकाराच्या सार्वजनिक कंपन्यांत किमान एक महिला संचालक आवश्यक केली. सेबीची मुदत १ एप्रिल २०१५ रोजी संपली तेव्हा अनेक कंपन्यांनी प्रवर्तकाची पत्नी, कन्या वा स्नुषा मंडळावर घेऊन तांत्रिक पूर्तता केली. स्वतंत्र महिला संचालकाची नंतरची अट याच पळवाटेवरील उपाय होती.

आर्थिक परिणामांबाबत नॉर्वेचा दाखला सर्वाधिक दिला जातो. तेथील सार्वजनिक कंपन्यांना २००८ पर्यंत मंडळात ४० टक्के स्त्रिया घेणे सक्तीचे झाले. केनेथ अहर्न व एमी डिटमार यांनी २०१२ मध्ये दाखविले की या सक्तीने कंपन्यांचे मूल्य घटले. दहा वर्षांनी एस्पेन एकबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली असता तसा परिणाम सिद्ध झाला नाही. रेनी अ‍ॅडम्स व डॅनियल फरेरा यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार स्त्रिया मंडळाच्या सभांना अधिक नियमित हजर राहतात आणि त्यांच्यामुळे पुरुषांची उपस्थितीही सुधारते. स्त्रियांना मंडळात स्थान मिळावे ही मागणी न्यायाची आहे. ती नफ्याच्या टक्केवारीवर उभी करणे तिच्यासाठीच धोक्याचे आहे, कारण पुढच्या अभ्यासात ती टक्केवारी बदलू शकते.

संशोधनाची पुढील दिशा

संख्या मोजण्याचे काम बहुतेक संपले आहे. कायद्यामुळे मंडळांची रचना आता इतकी सारखी झाली आहे की केवळ टक्केवारीतून फारसे हाती लागणार नाही. मंडळ प्रत्यक्षात काय करते याकडे लक्ष वळविणे अधिक फलदायी ठरेल. संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांना लेखापरीक्षण समितीतील केवळ स्वतंत्र संचालकांनीच मंजुरी द्यावी आणि ठरावीक मर्यादेपलीकडील व्यवहारांवर संबंधित पक्षांना अनुकूल मत देता येऊ नये, अशी सध्याची तरतूद आहे. मेटाससारखा प्रस्ताव आज आला तर तो या चाळणीतून जावा लागेल. अशा किती प्रस्तावांत बदल झाला वा ते परत पाठविले गेले, हा रचनेचा परिणाम तपासण्याचा अधिक थेट मार्ग आहे.

दहा वर्षांची मुदत १ एप्रिल २०१४ पासून गणली गेल्याने ३१ मार्च २०२४ रोजी अनेक जुन्या स्वतंत्र संचालकांना एकाच वेळी मंडळ सोडावे लागले. कंपनीच्या इच्छेने न झालेला हा बदल नैसर्गिक प्रयोगासारखाच आहे. ज्या कंपन्यांत असे संचालक अधिक होते आणि ज्यांत ते कमी होते, त्यांच्या पुढील वर्षांच्या हिशेबांची तुलना करणे एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला सहज शक्य आहे.

दुसरे साधन राजीनाम्यांचे. २०१९ पासून मुदतीपूर्वी पद सोडणाऱ्या स्वतंत्र संचालकाची सविस्तर कारणे कंपनीला शेअर बाजाराकडे कळवावी लागतात आणि याखेरीज अन्य महत्त्वाचे कारण नाही अशी त्याची पुष्टीही द्यावी लागते. ‘वैयक्तिक कारणास्तव’ व ‘अन्य व्यग्रतेमुळे’ हे शब्द या पत्रांत वारंवार आढळतात. तीच व्यक्ती त्यानंतर दुसऱ्या मंडळांवर राहते की नाही, आणि पुढील वर्षभरात त्या कंपनीचा लेखापरीक्षक बदलतो की नाही, हे ताडून पाहता येते. ही पत्रे बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहेत. ती वाचण्यासाठी महागड्या माहितीसंग्रहाची वर्गणी लागत नाही, आणि ग्रामीण भागातील महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसूनही हे काम करता येते.